‘लोकच उशिरा येतात’

गेल्या पावसाळ्यानंतर जिल्ह्याच्या ठिकाणी झालेल्या एका समारंभास उपस्थित राहण्याचा प्रसंग आम्हांस आला. एका रुग्णालयास काही उपकरणे देणगीदाखल मिळाली होती व त्यांचा अर्पणविधी व्हावयाचा होता. हार झाले, नारळ झाला, आभार झाले. शेवटी एक वजनदार वक्ते उठले आणि नवजात अर्भकांच्या मृत्यूंविषयी बोलताना म्हणाले, “सोयी सर्व आहेत. यंत्रे आहेत, डॉक्टर आहेत, औषध फुकट आहे. परंतु करावे काय? लोकच उशिरा येतात!” सभेत टाळ्या पडल्या. खरे सांगावयाचे तर आमच्याही हातांनी टाळी वाजविली. ती टाळी आम्ही परत घेऊ इच्छितो, आणि त्याच हेतूने हा लेख लिहावयास बसलो आहो.

वक्ते कोण होते हे सांगण्याचे प्रयोजन नाही; कारण ते वाक्य त्यांच्या एकट्याच्या मालकीचे नव्हे. कचेरीत ते ऐकू येते, दवाखान्याच्या ओसरीवर ऐकू येते, आणि आमच्यासारख्या शिकलेल्या मंडळींच्या बैठकीत तर चहाच्या पेल्याबरोबर ऐकू येते. या वाक्याची गोडी त्याच्या सोयीस्करपणात आहे. ते उच्चारताच सरकार सुटते, रुग्णालय सुटते, सुशिक्षित समाज सुटतो, आणि दोषी म्हणून उरतो तो एकटा शेतकरी, ज्याच्या हातात मेलेले मूल आहे व ज्याला सभेत कोणी बोलावलेले नाही. ज्या वाक्याने सर्वांची सुटका होते व केवळ दुर्बळ अडकतो, ते वाक्य खरे असण्याचा संभव फार थोडा, एवढे तरी अनुभवाने आम्हांस कळावयास हवे होते.

समारंभाच्या दोनच महिने आधीची गोष्ट. आमचा एक जुना विद्यार्थी तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, शेती करितो. त्याच्या पत्नीस आठवा महिना नुकताच लागला होता. श्रावणातल्या एका रात्री तिला अकाली कळा सुरू झाल्या. अर्ध्या तासाच्या आत त्याने तिला तालुक्यातील एका प्रसूतिगृहात पोहोचविले. रात्री दोन वाजता मुलगी झाली. वजन चौदाशे ग्रॅम. मुलगी रडली, तिने हातपाय हलविले. तेथील डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितले की, एवढ्या लहान जिवाची व्यवस्था येथे होणार नाही, अकोल्यास न्या. गाडी दुसरा रोगी घेऊन गेलेली होती. तिची वाट पाहण्यात एक तास गेला. मग एक जीप ठरविण्यात अर्धा तास गेला. आजीने नातीस लुगड्यात गुंडाळले, वर गोधडी घेतली आणि मांडीवर घेऊन ती बसली. बाळंतिणीस उठविता येईना, म्हणून तिला मागेच ठेविले. पाच वाजून गेल्यावर ती मंडळी अकोल्याच्या एका रुग्णालयात पोहोचली. तोवर मुलीचे अंग गार पडले होते आणि प्रत्येक श्वासाबरोबर ती कण्हत होती. तेथील डॉक्टरांनी व परिचारिकांनी दोन दिवस शर्थ केली. तिसऱ्या दिवशी मुलगी गेली. कागदावर मृत्यूचे कारण लिहिले होते, ‘कमी वजन’.

सभेहून परतल्यावर ते वाक्य आम्ही या विद्यार्थ्याच्या कानी घातले. तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, म्या उशीर कुठी केला, तेवढं सांगा.”

विद्यार्थ्यांच्या प्रश्नांस उत्तरे देण्यात आमचे सारे आयुष्य गेले. या प्रश्नास आम्हांस उत्तर सुचले नाही. घरून निघावयास त्याने अर्धा तास घेतला. पुढचे तीन तास त्याचे नव्हते. ते गाडीचे होते, रस्त्याचे होते, आणि अकोला व तेल्हारा यांमधील पन्नासएक किलोमीटरांचे होते. त्या मुलीच्या मृत्यूचे खरे कारण ‘अंतर’ हे होय. परंतु दाखल्यावर त्या रोगाचे नाव लिहिण्याची पद्धत नाही.

नवजात अर्भकाचे घड्याळ मोठ्या माणसाच्या घड्याळाहून निराळे चालते, ही गोष्ट आधी नीट समजून घेतली पाहिजे. शंभर मुले जन्मली तर त्यांपैकी पाच ते दहांना पहिला श्वास घेण्यास थोडेबहुत साहाय्य लागते, आणि ते पहिल्या मिनिटात मिळावे लागते. हाताने दाबावयाची हवेची एक पिशवी, तोंडावर बसणारा एक मुखवटा आणि ती वापरण्यास शिकलेले दोन हात, एवढीच त्याची सामग्री. अकाली जन्मलेल्या मुलाची अडचण याहून खोल असते. त्याच्या कातडीखाली चरबी नसते, म्हणून उष्णता झपाट्याने निघून जाते. अंग गरम ठेवण्यासाठी ते आपल्याजवळची साखर जाळते, आणि साखरेचा साठा तर नाममात्र. फुप्फुसातील वायुकोश उघडे ठेवणारे द्रव्य अजून पुरते तयार झालेले नसते. थंडीने त्याची आणखी हानी होते. म्हणजे गारठा साखर संपवितो, गारठा श्वास अडवितो, आणि अडलेला श्वास पुन्हा गारठा वाढवितो. छत्तीस अंश व अर्धा, याच्या खाली अर्भकाचे तापमान जाऊ देऊ नये असे शास्त्र सांगते. लुगडे आणि गोधडी यांनी पावसाळी रात्री, उघड्या जीपमध्ये, दीड तास ते कसे सांभाळावे?

आम्ही इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक, म्हणून एक उदाहरण आमच्या क्षेत्रातील देतो. कादंबरीकार थॉमस हार्डी १८४० साली जन्मला तेव्हा वैद्याने त्यास मृत समजून बाजूस ठेविले होते. मूल जिवंत आहे हे तेथे असलेल्या सुइणीच्या ध्यानी आले व तिने त्यास वाचविले, असे त्याच्या चरित्रात नमूद आहे. इंग्रजी कादंबरी आज जिचे ऋण मानते ती सुईण जिल्ह्याच्या ठिकाणी नव्हती. ती त्या खोलीत होती. आमचे सारे म्हणणे या एका वाक्यात आले.

आता ‘उशीर’ या शब्दाची उलटतपासणी करू. थॅडियस आणि मेन या दोन विदुषींनी १९९४ साली बाळंतिणींच्या मृत्यूंचा विचार करिताना विलंबाचे तीन भाग पाडले : दवाखान्यात जावयाचे ठरविण्यातला विलंब, तेथे पोहोचण्यातला विलंब, आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातला विलंब. अर्भकांसही ही विभागणी तंतोतंत लागू पडते. आमच्या वक्त्यांनी तीन विलंबांची बेरीज केली आणि ती पहिल्याच्या, म्हणजे घरच्या माणसांच्या, खात्यावर मांडली. हिशेबाच्या वहीत असे केले असते तर त्यास दुसरे नाव पडले असते.

पहिला विलंब मुळी नाहीच, असे आम्ही म्हणत नाही. तो आहे, आणि तो केवळ अडाण्यांचा आहे असेही नाही. पाचवी-सहावीच्या रात्री सटवाई येते व मुलाच्या कपाळी त्याचे ललाट लिहून जाते, अशी आपली समजूत. तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी मांडणारी पदवीधर घरे आम्ही पाहिली आहेत. मूल गेले की ‘सटवाईनेच लिहिले नव्हते’ असे म्हणून डोळे पुसावयाचे. परंतु पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या मुलांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात जातात, आणि पहिला दिवस सर्वांत घातक असतो. म्हणजे यांतील कितीतरी मुले सटवाई उंबऱ्याशी येण्यापूर्वीच गेलेली असतात. त्यांच्या कपाळी कोणी लिहिले? देवीला तर वेळच मिळाली नाही! तो लेख माणसांनी लिहिला आहे, अंदाजपत्रकात, बदल्यांच्या यादीत आणि रस्त्यांच्या कंत्राटात. बारशापूर्वी गेलेल्या मुलास नावही नसते. ज्यास नाव नाही त्याची फिर्याद कोणाच्या नावाने दाखल व्हावी?

दुसरा विलंब रस्त्याचा. तेल्हाऱ्याच्या उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस पूर्णा, आणि अकोला पूर्णेच्या पलीकडे. मधली जमीन काळी. पावसाळ्यात ती चाक सोडीत नाही. मेळघाटातून उठवून अकोट-तेल्हारा तालुक्यांत आणून वसविलेल्या गावांस तर तालुक्याचे ठिकाण गाठणे हाच पहिला प्रवास. २०२२ च्या ऑक्टोबरात अकोट-अकोला मार्गावरील गांधीग्रामचा इंग्रजी अमदानीतील पूल धोकादायक ठरून वाहतुकीस बंद झाला. तेव्हा व्यापाऱ्यांच्या मालास किती फेरा पडतो याची चर्चा आम्ही पुष्कळ ऐकली. त्याच फेऱ्याने एखाद्या अर्भकाच्या श्वासास किती वेळ कमी पडतो, हा प्रश्न कोणी विचारल्याचे स्मरत नाही. आम्हीही विचारला नाही. १ जून २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये आजारी नवजातास विनामूल्य उपचार व विनामूल्य वाहन मिळण्याचा हक्क आहे. हक्क आहे हे खरे; परंतु रात्री दोन वाजता हक्कास चाके असावी लागतात, आणि आत उबेची सोय व शिकलेली परिचारिका असावी लागते. नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, हीच आपली व्यवस्था.

तिसरा विलंब दाराच्या आतला, आणि याविषयी तर लोकांस दोष देण्याची सोयच नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे विशेष नवजात कक्षास आग लागली. सतरा अर्भकांपैकी दहा दगावली, सात वाचली. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २०२३ च्या सप्टेंबरअखेर चोवीस तासांत चोवीस रोगी गेले. त्यांपैकी बारा नवजात होते. भंडाऱ्याची ती दहा मुले उशिरा आली होती काय? ती वेळेवर आली होती, योग्य ठिकाणी आली होती, आणि सर्वांत सुरक्षित म्हणून सांगितलेल्या खोलीत ठेविली होती. नांदेडसारख्या ठिकाणी दुरून, अखेरच्या घटकेस पाठविलेले रोगी फार येतात, असे समर्थन त्या वेळी ऐकू आले. ते खरे मानले तरी आमचेच म्हणणे सिद्ध होते. तालुक्या-तालुक्यात जे व्हावयास हवे ते होत नाही म्हणूनच सर्व भार एका दारावर लोटतो, आणि मग ते दारही मोडते.

यावर एक विद्वान आक्षेप येतो तो आकड्यांचा. २०२० च्या नमुना नोंदणीप्रमाणे हजार जिवंत जन्मांमागे पहिल्या महिन्यात दगावणारी मुले देशात २० आणि महाराष्ट्रात ११. मग एवढा आकांत कशास? आमचे उत्तर असे की, सरासरी ही मोठी लबाड बाई आहे. ती मुंबईचे मूल आणि सातपुड्याच्या पायथ्याचे मूल एकाच पाळण्यात घालून जोजविते. शिवाय जो आकडा समाधानासाठी सांगितला जातो त्याचा अर्थ नेमका उलट आहे. जेथे सोय पोहोचली तेथे मुले वाचली, हे तो सिद्ध करितो. वाचविता येत नाही म्हणून मूल गेले, ही सबब त्यामुळे उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. तालुक्याच्या गावी अतिदक्षता कक्ष उभारला तरी बालरोगतज्ज्ञ तेथे टिकत नाहीत. आणि जेथे प्रसूती थोड्या तेथे नाजूक यंत्रे चालविण्याचा सराव राहत नाही. हे खरे आहे. अर्धवट शिकलेल्या हाती कृत्रिम श्वासाचे यंत्र देणे म्हणजे उपकार नव्हे. नुसता प्राणवायूदेखील मोजमापाशिवाय दिला तर अकाली जन्मलेल्या मुलाची दृष्टी जाऊ शकते. तेव्हा प्रत्येक तालुक्यात मुंबईच्या थाटाचा कक्ष हवा, अशी आरोळी आम्ही ठोकीत नाही. तशी आरोळी ठोकणारे पुढारी कोनशिला बसवून मोकळे होतात, हेही आम्ही जाणतो.

मग हवे तरी काय? सरकारने २०११ साली स्वतःच घालून दिलेली तीन पायऱ्यांची व्यवस्था हवी. जेथे जेथे प्रसूती होते तेथे नवजातासाठी उबेचा एक कोपरा. तालुक्याच्या पातळीवर, जेथे अडलेल्या बाळंतिणीची सोय होते अशा रुग्णालयांत, किमान चार खाटांचा स्थिरीकरण कक्ष. आणि जिल्ह्याच्या ठिकाणी, वर्षास तीन हजारांहून अधिक प्रसूती होतात तेथे, निदान बारा खाटांचा विशेष कक्ष. यांतील मधली पायरी हीच तेल्हाऱ्यासारख्या गावाची पायरी होय. चौदाशे ग्रॅमांची मुलगी तेथे कायमची ठेवावयाची नाही. नियमाप्रमाणेही अठराशेच्या खालचे मूल वरच्या कक्षाचे. परंतु तिला तेथे ऊब द्यावयाची, शिरेतून साखर द्यावयाची, मोजून प्राणवायू द्यावयाचा, अकोल्यास फोन करून खाट राखून ठेवावयाची, आणि मग उबदार गाडीतून, परिचारिकेसह, आईसह धाडावयाचे. शिडीची मधली पायरी काढून घ्यावयाची आणि खाली पडणाऱ्यास ‘तू नीट चढला नाहीस’ म्हणावयाचे, हा आमच्या वक्त्यांचा न्याय!

‘आईसह’ या शब्दावर आम्ही मुद्दाम जोर देतो. कोलंबिया देशातील बोगोटा शहरी १९७८ साली एडगर रे सानाब्रिया या डॉक्टराने, उबेच्या पेट्या पुरेनात म्हणून, लहानग्या मुलांस आईच्या उघड्या छातीशी बांधण्याचा प्रघात सुरू केला. दारिद्र्यातून निघालेली ही युक्ती पुढे शास्त्र ठरली. भारतासह पाच देशांत झालेल्या व २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रयोगात असे दिसले की, मूल स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मापासूनच त्यास आईच्या अंगाशी ठेविले, तर पहिल्या महिन्यातील मृत्यू एक चतुर्थांशाने घटतात. आमच्या विद्यार्थ्याच्या मुलीस गाडीत बसविताना जी मागे ठेविली ती केवळ आई नव्हती. ते तिचे औषध होते. आईस घेऊन जाईल अशी गाडी हवी होती, आणि दोघींस शेजारी ठेवील असा कक्ष हवा होता.

घरच्या पायरीचीही उपेक्षा करून चालणार नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतील स्त्रियांस नवजाताची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. तिसऱ्या वर्षी त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण शेजारच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी उतरले होते. हा वृत्तान्त १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ने छापला, आणि २०११ पासून आशांच्या गृहभेटी देशभर सुरू झाल्या. कित्येक शहाणे यावरून असा निष्कर्ष काढितात की, घरीच एवढे होते तर तालुक्यास कक्ष कशाला? आणि दुसरे कित्येक म्हणतात की, कक्ष असताना आशेची किरकिर कशाला? दोघेही एकाच चुकीचे भागीदार आहेत. आशा मूल आजारी आहे हे ओळखील; पण ओळखून ते तिने न्यावे कोठे? आणि कक्ष मुलाची वाट पाहील. पण आशेवाचून त्यास हाक कोण मारील?

१९६३ च्या ऑगस्टात अमेरिकेच्या अध्यक्षांस, केनेडींस, मुलगा झाला. तो साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि दोन दिवस पुरे होण्याच्या आत, फुप्फुसे न उघडल्यामुळे, बोस्टनच्या रुग्णालयात वारला. जगातील सर्वांत समर्थ पित्याजवळ सत्ता होती, वैद्य होते, विमाने होती. नव्हते ते ज्ञान. आज त्याच रोगाचे औषध आहे, श्वासास आधार देणारी साधी नळी आहे, आणि त्या मुलाएवढी मुले अकोल्यातही जगतात. तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्याच्या मुलीस ज्ञान कमी पडले नाही. ज्ञान पन्नास किलोमीटरांवर उभे राहून तिची वाट पाहत होते, आणि ती पोहोचल्यावर त्याने तिच्या बापास विचारले, उशीर का केला?

आमची मागणी लहान आहे व तीत पैशाचा भाग सर्वांत थोडा आहे. तालुक्यात दगावलेल्या प्रत्येक नवजाताची नोंद व्हावी आणि ती, कुटुंबाचे नाव झाकून, दर महिन्यास तालुक्याच्या ठिकाणी फळ्यावर लागावी. महाराष्ट्रातील किती बालमृत्यू सरकारी वहीत चढतच नाहीत हे ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने २००१ सालीच दाखवून दिले आहे. त्या नोंदीत नेहमीचे रकाने असावेतच. परंतु आणखी चार असावेत. मूल कितीस जन्मले. गाडी कितीस निघाली. वरच्या रुग्णालयात ते कितीस पोहोचले. आणि पोहोचले तेव्हा त्याचे अंग किती अंश होते. हे चार आकडे वर्षभर फळ्यावर लागले तर उशीर कोण करितो याविषयी व्याख्यान देण्याची गरज कोणासही उरणार नाही. पाचवीचे पोरही ते वाचून सांगेल.

तोवर निदान आम्हां सुशिक्षितांस एक करिता येण्यासारखे आहे. ते वाक्य पुन्हा एखाद्या सभेत ऐकू आले तर हात जागीच ठेवावेत, आणि शक्य झाल्यास उभे राहून विचारावे की, महाराज, उशीर कोठे झाला, तेवढे सांगा. प्रश्न आमचा नव्हे, आमच्या विद्यार्थ्याचा आहे. आम्ही तो केवळ त्याच्या वतीने मांडीत आहो. तो मांडावयासही आम्हांस उशीरच झाला.